पळालेल्या पुस्तकाचा तास

(हा पहिला तुकडा चुकीच्या जागी लागला आहे. मुद्दाम लावला आहे. त्याची खरी जागा शेवटाकडे आहे. तिथे पोचलात की ओळखाल.)

ग्रंथालयात, देवघेवीच्या काउंटरपाशी एक मुलगी उभी आहे. कोपराला धूळ, दप्तराचा एक पट्टा सुटलेला.

"बाई, हे घरी न्यायचंय."

मी पडद्याकडे बघते. मग तिच्याकडे. मग मागे खुर्चीत बसलेल्या माझ्या सासूबाईंकडे.

"नाही नेता येणार का?" मुलगी विचारते.

मी पुन्हा पडद्याकडे बघते.


पाहा: थोरल्या बाई

थोरल्या बाई म्हणजे माझ्या सासूबाई. कॉलेजच्या ग्रंथपाल होत्या. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्या हाताखाली, मग त्यांच्या घरात, आणि शेवटी त्यांच्या खुर्चीत. मुलांनी त्यांना थोरल्या बाई केलं तेव्हा मी आपसूक मधली झाले. म्हणजे पुढे कधीतरी धाकटी येणार, हे तेव्हाच ठरलं असावं. ती गेल्या वर्षी माझी मदतनीस म्हणून आली. तिचं नाव विचारायच्या आधीच मुलांनी तिला धाकट्या बाई करून टाकलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला बजावलं, "लायब्ररीत बाई, घरी आई. घोटाळा करू नकोस."

मी घोटाळा करायचेच.

"बाई, मीठ कुठंय?"

"कुठं असायला हवं?"

"आई, मीठ कुठंय?"

"आई म्हटलंस म्हणून प्रश्न बदलत नाही. कुठं असायला हवं?"

मीठ असायला हवं तिथेच असायचं. मला तिथे बघायचं सुचायचं नाही, कारण ते तिथे नसणार असं मी धरूनच चाललेली असायचे. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

नवऱ्याची तक्रार वेगळी होती. "घरात दोन-दोन ग्रंथपाल, आणि माझे मोजे एकीलाही सापडत नाहीत."

"मोज्यांना वर्गांक नसतो," सासूबाई म्हणायच्या.


पाहा: तास

इतर कॉलेजांत नव्या मुलांना ग्रंथालय दाखवतात. इथे कोश, तिथे मासिकं, शांतता पाळा, चला पुढे. मुलं माना डोलावतात आणि परीक्षेपर्यंत पुन्हा फिरकत नाहीत.

थोरल्या बाई दारात उभ्या राहून एवढंच म्हणायच्या, "एक पुस्तक पळालंय."

मुलं एकमेकांकडे बघायची.

"कुठं पळालं, बाई?"

"ते माहीत असतं तर पळालं कसं म्हटलं असतं? पुस्तकांची तालिका म्हणते, ते आहे. जागेवर नाही. तास संपायच्या आत आणून द्या."

पुस्तक त्यांनीच आदल्या दिवशी हलवलेलं असायचं. पण वाटेल तिथे नाही. पुस्तकं खरोखर जशी चुकतात तशीच त्या चुकवायच्या. पाठीवरच्या, जागा सांगणाऱ्या वर्गांकातले दोन आकडे उलटे वाचले की पुस्तक कुठे जाऊन पडेल, तिथे. उंच पुस्तकांच्या रांगेमागे पडून जाईल, तिथे. बांधणीला द्यायच्या ढिगात, निळ्या पाठींमध्ये निळी पाठ म्हणून. नावावरून स्वयंपाकाचं वाटलं म्हणून कुणी पाककृतींत खोचेल, तिथे; आणि आत बघावं तर रसायनशास्त्र.

"पुस्तकाला शोधू नका," त्या सांगायच्या. "ठेवणाऱ्या हाताला शोधा. तो दमला होता का? घाईत होता का? त्याला काय वाटलं असेल? पुस्तक उगाच पळत नाही."

मुलं आधी सैरावैरा धावायची. मग कुणीतरी थांबायचं. कपाळाला आठी घालून एका रॅकसमोर उभं राहायचं. त्या आठीची थोरल्या बाई वाट बघायच्या. शिकवणं म्हणजे त्यांच्या लेखी तेवढंच होतं: आठी पडेपर्यंत तोंड बंद ठेवायचं.

पुस्तक आलं की त्या टेबलावर बसायच्या (खुर्चीत नाही, टेबलावर) आणि म्हणायच्या, "आता ऐका. वाक्यंही अशीच पळतात. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं अर्धं उतरवलं, तिसऱ्यानं दुसऱ्याचं नाव लावलं, चौथा म्हणतो असं सगळेच म्हणतात. प्रत्येक वाक्याला मूळ घर असतं. तिथवर गेल्याशिवाय निबंधात त्याला घ्यायचं नाही."

बस्स. तेवढाच उपदेश. बाकीचा तास धूळ.

माझ्या वर्षी घड्याळांवरचं एक पुस्तक पळालं होतं. मला ते सापडलं. रॅकच्या कडेला धुळीचा थर होता आणि एका खणापुढे तो मोडलेला होता, इतकंच. सगळे रॅक हिरवे, लोखंडी, हात लागून लागून कडांचा रंग गेलेले. दुपारचं ऊन नेमकं भूगोलावर पडायचं, म्हणून भूगोलाच्या पाठी सगळ्यांत फिकट. डिंकाचा वास. पुस्तकं वाहायची ढकलगाडी एका चाकानं रडायची, आणि कुणी तेल घालायला गेलं की थोरल्या बाई म्हणायच्या, "राहू दे, कोण कुठं आहे ते कळतं."

"कसं सापडलं?" त्यांनी मला विचारलं.

"धुळीवरून."

"घरी धूळ कोण पुसतं?"

"मीच."

त्यांनी मान हलवली. पुढे त्यांनी मला चहाला बोलावलं, मुलगा दार उघडायला आला, आणि नवरा अजून म्हणतो की, "आईनं बायको नाही शोधली, कर्मचारी शोधला. मी वरून फुकट."


पाहा: शेवाळ

आता मुख्य गोष्ट.

थोरल्या बाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. त्या वर्षी पळालेलं पुस्तक शेवाळावरचं होतं. पातळ, हिरवट कापडी बांधणीचं. पळवायला त्या नेहमी कुणीच न मागणारं पुस्तक निवडायच्या, म्हणजे खऱ्या वाचकाचा खोळंबा नको. शेवाळ कोण मागतंय?

तास सुरू झाला. मी तेव्हा त्यांची मदतनीस होते, आणि खाज म्हणून मीही शोधत होते. आधी जागेवर बघितलं: वनस्पतीशास्त्र, खालचा खण, दोन जाडजूड पुस्तकांमध्ये बोटभर फट. नव्हतं. मुलं धावली, थांबली, एकदोघांच्या कपाळाला आठ्याही पडल्या. तास संपला. पुस्तक आलं नाही.

असं कधीच झालं नव्हतं.

"शोधा," थोरल्या बाई मुलांना म्हणाल्या. "घाई नाही."

कुठे ठेवलंय ते त्यांनी सांगितलं नाही. मुलांनाही नाही, मलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या डोक्यातल्या पहिल्या जागी गेले. नव्हतं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. मग त्या निवृत्त झाल्या. हार, भाषणं, एक भिंतीवरचं घड्याळ. आणि त्या रात्री जेवताना त्यांनी मला विचारलं:

"सापडलं का गं?"

"नाही."

"हं."

दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. माझा मुलगा शाळेत जायला लागला, शाळा संपवून बाहेर पडला, नोकरीला लागला. आमच्या जेवणात हा प्रश्न लोणच्यासारखा कायम. कधी मस्करीत, कधी नुसत्या भुवया उंचावून. मी "नाही" म्हणायचे आणि त्या "हं" म्हणायच्या. त्या "हं"मध्ये मला काय काय ऐकू यायचं! धुळीवरून ओळखणारी ना तू? मग आता? माझ्या खुर्चीत बसतेस ना?

मी विचारलं नाही. सासूनं लपवलेलं सुनेनं विचारून मिळवायचं? मेले तरी नाही.

दरम्यान साठा पडताळणीत, मी सापडत नाही म्हटलं म्हणून, रॅक न बघताच कार्यालयानं पुस्तकापुढे "गहाळ" असं नोंदवून टाकलं. पुढे तालिका संगणकावर गेली तेव्हा "गहाळ"ही सोबत गेलं. तो तास मात्र मी चालू ठेवला. दर वर्षी एक पुस्तक पळवायचे, दर वर्षी कुणीतरी आणून द्यायचं, आणि दर वर्षी टेबलावर बसून वाक्याचं मूळ घर सांगताना माझ्या मनात यायचं: तुझं स्वतःचं शेवाळ कुठंय, बाई?


पाहा: प्राचार्य

या वर्षी प्राचार्यांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. घाईत असतो.

"मधल्या बाई, रॅक काढतोय आपण. सगळी पुस्तकं गावाबाहेरच्या कोठारात. मागणी टाकली की दुसऱ्या दिवशी पेटीतून हजर. इथे मुलांना बसायला जागा होईल. आणि तुमचा तो तास, त्याचा व्हिडिओ करू. धाकट्या बाईंना जमतं ते."

"व्हिडिओत पुस्तक कसं पळणार?"

"पळायला कशाला हवं? मुलांना सापडलं की झालं."

"सर, सापडणं शिकवायचं तर आधी हरवावं लागतं. मला तळमजल्यावरचे थोडे रॅक ठेवा. उघडे. मुलांना हात लावता येतील असे."

ते हसले. त्यांनी कार्यालयाकडून माहिती काढलेली असणार. "ते शेवाळाचं काय झालं हो?"

"सापडलं नाही."

"म्हणजे पद्धत तुमची, ग्रंथालय तुमचं, पुस्तक तुमच्याच सासूबाईंनी लपवलेलं, आणि तुम्हालाच सापडत नाही. मग पोरांना काय सापडणार?" मग थोडे मवाळ होऊन म्हणाले, "असं करा. पेट्या भरणारे महिनाअखेरीला येतील. त्याआधी शोधून दाखवा. रॅक ठेवतो, तासही ठेवतो. नाहीतर व्हिडिओ."

जिना उतरताना मला ढकलगाडीचं रडकं चाक ऐकू आलं. धाकटी पुस्तकं लावत होती. मला बघून थांबली.

"काय म्हणाले?"

सांगितलं.

"मधल्या बाई, राग मानू नका, पण मला तुमची ती पद्धत मुळातच पटत नाही. ग्रंथपालानं मुद्दाम पुस्तक चुकीच्या जागी ठेवायचं? डॉक्टरनं शिकवायचं म्हणून कुणाला ताप आणण्यासारखं आहे ते."

"उतरवायचाही असतो ना मग."

"शेवाळाचा कुठं उतरलाय?"

पोरगी हुशार आहे. म्हणूनच जीव खाते.


पाहा: व्हिडिओ (धाकटीची संहिता, कंसात मी)

दृश्य एक. ग्रंथालयाची इमारत. पाखरांचा आवाज. (आमच्याकडे पाखरं नाहीत. पंख्यांचा आवाज आहे.)

दृश्य दोन. निवेदन: "मित्रांनो, माहितीच्या महासागरात…" (महासागर काढ. मुलं इथेच बंद करतील.)

दृश्य तीन. संगणकावर पुस्तक शोधणं. शीर्षक, लेखक, विषय. (हे छान आहे. खरंच छान आहे. मला असं सोपं करून कधी सांगता आलं नव्हतं.)

दृश्य चार. "उपलब्ध", "दिलेलं", "गहाळ" यांचे अर्थ. गहाळचं उदाहरण म्हणून शेवाळाचं पुस्तक. रॅकवरची रिकामी जागा दाखवणे. (मुद्दाम निवडलंस ना?) (हो. — धाकटी)

दृश्य पाच. थोरल्या बाईंची मुलाखत. जुन्या आठवणी. (घरी ये. पण त्यांच्यासमोर "माहितीचा महासागर" म्हणू नकोस, पाण्यात ढकलतील.)


पाहा: घर

धाकटी रविवारी आली. सासूबाई नवी ओढणी घेऊन, केस विंचरून, खिडकीपाशी बसल्या होत्या. नवरा दिवा धरायला उभा.

"माझा हात थरथरला तर?" त्यानं विचारलं.

"लहानपणी तुला ट्यूबलाइट धरायला सांगितली होती, तीही पाडलीस. दोन्ही हातांनी धर," सासूबाई म्हणाल्या.

धाकटीनं चार-दोन प्रश्न विचारले. सासूबाई खुलल्या. पाककृतींमधलं रसायनशास्त्र सांगितलं, निळ्या पाठी सांगितल्या, एक मुलगा पुस्तक शोधता शोधता दुसरंच वाचत बसला आणि तास संपला तरी उठेना ते सांगितलं. "त्याला पूर्ण गुण दिले मी. तासाला गुण नव्हतेच, तरी दिले."

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. आणि धाकटीनं, दुधाचा हिशेब विचारावा तितक्या सहज, विचारलं:

"बाई, ते शेवाळाचं पुस्तक कुठं ठेवलं होतंत हो?"

इतकी वर्षं. इतकी जेवणं. आणि ही पोर!

"पाणीपुरवठ्यात," सासूबाई म्हणाल्या. "अभियांत्रिकीकडे, टाक्यांच्या पुस्तकांत. शेवाळाचं पुस्तक घाईत कोण कुठं लावेल? टाकी घासणाऱ्याच्या डोक्यानं विचार केला."

"टाक्यांत?" मी ट्रे तसाच टेबलावर आदळला. "टाक्यांत मी बघितलं होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळ्यांत आधी तिथंच गेले होते!"

"मग बरोबर गेली होतीस."

"पण तिथं नव्हतं!"

"नव्हतंच," सासूबाई म्हणाल्या. आवाज खाली आला. "निवृत्तीच्या आदल्या दिवशी मी काढून घ्यायला गेले. म्हटलं, कुणाला सापडलं नाही, निदान जागेवर लावून जाऊ. नव्हतं तिथं."

दिवा हळूहळू खाली आला. नवऱ्याच्या ते लक्षातही आलं नाही.

"म्हणजे तुम्हालाही माहीत नव्हतं?"

"नाही."

"मग रोज विचारायचात ते?"

"विचारायचेच की. खरंच विचारत होते." त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "मला वाटायचं, शेवटच्या वर्गाला काही शिकवता आलं नाही आपल्याला. एकालाही सापडलं नाही. वर पुस्तकही घालवलं. तुला सापडलं तर निदान कळेल तरी, काय चुकलं ते."

मला त्या सगळ्या "हं" आठवल्या. एकेक परत ऐकू आली. एकातही टोमणा नव्हता.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू का नाही विचारलंस?"

"घ्या," नवरा म्हणाला. "चहा गार झाला."


पाहा: रिकामी जागा

सोमवारी सकाळी धाकटी कॅमेरा घेऊन वनस्पतीशास्त्राकडे गेली. दृश्य चार. गहाळ. मी काउंटरवर परत आलेली पुस्तकं उतरवत होते. डोकं अजून रविवारीच होतं.

ढकलगाडीचं चाक नाही, पावलं नाहीत, काहीच आवाज नाही. मग तिचा आवाज, जरा चमत्कारिक:

"मधल्या बाई, रिकामी जागा नाहीये."

"सरकली असतील पुस्तकं. बोटानं फट कर."

"नाही. म्हणजे… जागा भरलेली आहे."

मी गेले. खालचा खण. दोन जाडजूड पुस्तकं, आणि त्यांच्या मधोमध, पातळ, हिरवट, पाठीवरचा वर्गांक बरोबर, ओळीत, सरळ.

शेवाळ. आपल्या जागेवर.

आम्ही दोघी जमिनीवर बसलो. हात लावायचं धाडस होईना. वरच्या कडेला धुळीचा जाड थर, कुठेही न मोडलेला. कालपरवा कुणी ठेवलेलं नव्हतं ते. खूप खूप वर्षांपासून होतं.

"कुणीतरी तेव्हाच…" धाकटी म्हणाली.

"हो."

तास संपल्यानंतर, त्याच दिवशी. आम्ही सगळे निघून गेल्यावर. कुणीतरी एक, ज्याच्या कपाळाला उशिरा आठी पडली असेल, एकटंच परत आलं. टाक्यांपर्यंत गेलं. पुस्तक काढलं. आणि "बाई, सापडलं!" असं ओरडत न येता, सापडलेलं पुस्तक जिथे असायला हवं तिथे नेऊन लावलं आणि घरी गेलं. जागा मी तासात बघितली होती तेव्हा ती रिकामी होती, म्हणून पुन्हा बघितली नाही. टाक्या दुसऱ्या दिवशी बघितल्या, तोवर त्या रिकाम्या झाल्या होत्या. आणि नंतर नोंद झाली गहाळ, मग कुणी मागेना, मग कुणी त्या खणापाशी वाकेना. पडताळणीत गहाळ पुस्तकं वगळून यादीतलं पुस्तक रॅकवर आहे का ते बघतात. रॅकवरचं यादीत आहे का, ते कोण बघतं?

"काखेत कळसा…" धाकटीनं सुरुवात केली.

"ती म्हण उच्चारू नकोस."

"बरं." मग थोड्या वेळानं, "पण वळसा मोठा घेतलात हं."

दोघी हसलो. ग्रंथालयात, मोठ्यानं. वाचनकक्षातून कुणीतरी "शूऽऽ" केलं, बहुतेक आमच्याच एखाद्या विद्यार्थ्यानं.

मी घरी फोन केला. "आई."

"बोल."

"सापडलं."

"कुठं?"

आयुष्यात एकदाच मिळते अशी संधी होती. मी ती सोडली नाही.

"कुठं असायला हवं?"

मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग त्या म्हणाल्या, "कोण होतं गं ते पोर?"

"कळायला काही मार्ग नाही."

"माझं सगळ्यांत चांगलं पोर," त्या म्हणाल्या. "आणि मी त्याचा चेहरासुद्धा बघितला नाही."


पाहा: तास, हेही

प्राचार्य म्हणाले, "म्हणजे जागेवरच होतं? हा तुमच्या पद्धतीचा विजय समजायचा की पराभव?"

"मला ठाऊक नाही, सर."

"हं." (ही "हं" खरी टोमण्याची होती.) "शोधायचं ठरलं होतं, शोधलंत. पण सापडलं व्हिडिओवालीला. असं करा, पेट्यांच्या आधी एक तास घ्या. मी मागे बसतो. बघून ठरवतो."

पहिल्या वर्षाची मुलं आली. सासूबाईंना आम्ही काउंटरमागे खुर्चीत बसवलं होतं. धाकटीनं आधी व्हिडिओतलं दृश्य तीन दाखवलं. ते आम्ही दोघींनी ठरवलं होतं: आधी तिचं, मग माझं. ताप आणण्याआधी थर्मामीटर कसं वाचायचं ते शिकवलेलं बरं.

मग मी दारात उभी राहिले. आदल्या दिवशी मी कुठलंही पुस्तक हलवलं नव्हतं. संगणकावरची नोंदही बदलली नव्हती.

"एक पुस्तक पळालंय," मी म्हणाले. "शेवाळावरचं. संगणक म्हणतो, गहाळ. तास संपायच्या आत आणून द्या."

मुलं धावली. मी तोंड बंद ठेवलं. हे सगळ्यांत अवघड असतं; वयानं सोपं होत नाही. दोघे टाक्यांकडे गेले तेव्हा मागून सासूबाईंचा श्वास ऐकू आला. एक जण बांधणीच्या ढिगात कोपरापर्यंत घुसला. ऊन भूगोलावर आलं होतं. धाकटी ढकलगाडी उगाचच इकडून तिकडे नेत होती. नंतर कळलं, सासूबाईंनी तिला सांगितलं होतं, "तो आवाज असू दे. तासाला तो लागतो."

मी मागे वळून बघितलं तर प्राचार्यांची खुर्ची रिकामी.

ते मत्स्यशास्त्राच्या रॅकमध्ये होते. गुडघ्यावर. कोट खांद्यापर्यंत धुळीनं पांढरा. शिपाई सांगायला आला, बैठकीला सगळे खोळंबलेत.

"त्यांना सांग, येतो," ते पुस्तकांच्या मागे हात घालत म्हणाले. मग माझ्याकडे बघून, खालच्या आवाजात, "मधल्या बाई, जागेवरून हलवलंच असणार तुम्ही. शेवाळ मासे खातात, नाही का? कुणीतरी तसा विचार करून इथं…"

त्यांच्या कपाळाला आठी होती.

तळमजल्यावरचे रॅक राहिले, हे मला त्या क्षणी कळलं. कागद नंतर आला.

तासाची घंटा झाली. मुलं पांगली, हिरमुसली, हात झटकत. "बाई, खरंच गहाळ आहे ते," एकानं मला समजावलं. पुस्तक आणून देणारं कुणीच नव्हतं. मी सासूबाईंकडे बघायचं टाळत होते.

इथे तो तुकडा हवा होता, जो मी आधीच लावून ठेवला. देवघेवीचं काउंटर. एक मुलगी. कोपराला धूळ, दप्तराचा एक पट्टा सुटलेला. ती तासातलं पुस्तक परत करायला आलेली नव्हती. तिला ते वाचायचं होतं.

"नाही नेता येणार का?" तिनं पुन्हा विचारलं. "म्हणजे आमच्या घरामागं भिंतीवर दोन तऱ्हेचं शेवाळ आहे. एक मऊ आहे, एक नाही. जागेवर होतं हे, म्हणून उघडलं. मग विसरूनच गेले, तुम्हाला द्यायचं होतं ते."

"संगणक म्हणतो, हे पुस्तक इथं नाही," मी कसंबसं म्हटलं.

मागची खुर्ची सरकली. सासूबाई काठी न घेता उठल्या, काउंटरपाशी आल्या आणि त्यांनी त्या मुलीचा चेहरा नीट, सावकाश, पुरेपूर बघून घेतला.

"हातात आहे ना तिच्या?" त्या मला म्हणाल्या. "मग दे की."